बाथचे उन्हाळे

माझ्या नवऱ्याला आणि त्याच्या मोठ्या भावाला एका गाडीत बसवायचं म्हणजे दोन बोके एका पोत्यात घालण्यासारखं होतं. माझ्या सासूबाईंनी त्या जुलैत ते करून दाखवलं. त्यांनी कुणाला विचारलंच नाही. चिपळूणहून आल्याच्या दुसऱ्याच रविवारी, लंडनजवळच्या मेडनहेडच्या आमच्या घरात चहा पिताना त्या म्हणाल्या, "मला राजवाडा नको, राणी नको, ते लंडनचं मोठं चाकही नको. इथे कुठेतरी उन्हाळे आहेत म्हणतात. तिथे न्या. दोघांनी मिळून न्या. नाहीतर मी कुठेच येत नाही."

कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यांना उन्हाळे म्हणतात. सासूबाईंचं माहेर आरवलीजवळचं. लहानपणी त्या आईबरोबर तिथल्या कुंडावर जायच्या. सबंध इंग्लंडात खरोखर गरम म्हणावं असं जमिनीतलं पाणी एका बाथमध्येच आहे, आणि मधली कित्येक वर्षं बंद असलेलं तिथलं स्नान नव्या इमारतीत नुकतंच पुन्हा सुरू झालेलं होतं. ही बातमी त्यांना माझ्या मुलीनं दिली. ती तेव्हा सोळा वर्षांची, परीक्षा संपलेली, आणि आजीच्या खोलीत तासन्‌तास लोळत पडणारी.

दोघा भावांचं दोन वर्षांपूर्वी फाटलं होतं. मोठे दीर डॉक्टर, लंडनच्या पिनर भागात राहायचे. सासरे आजारी पडले तेव्हा ते रजेवर चिपळूणलाच होते. माझ्या नवऱ्यानं फोन केला, "दादा, मी निघू का?" दिरांनी सांगितलं, "घाई करू नकोस. अजून वेळ आहे. पुढच्या आठवड्यात ये." पुढचा आठवडा सासऱ्यांनी पाहिलाच नाही. नवरा पोचला तेव्हा अस्थी गोळा करून झाल्या होत्या. अंगणात कुणीतरी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि पाय धू म्हणाला. ते पाय धुणं तो अजून सांगतो.

त्यानंतर त्यानं भावाशी बोलणं टाकलं. मीही टाकलं. खरं सांगायचं तर मला ते जड गेलं नाही. माझं जावेशी आधीपासून फारसं पटत नव्हतं. ती माझ्या घरी आली की खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून बघायची, आणि मी तिच्या घरी गेले की ती मला "अगं, तुझी नोकरी काय म्हणते?" असं विचारायची, जणू माझी नोकरी म्हणजे पाळलेला एखादा लबाड कुत्रा. मी भूल देणारी डॉक्टर आहे. बाईसाहेब घरी बसून पिनरच्या मराठी बायकांच्या भिशीचा कारभार बघायच्या. आता भांडायला रीतसर कारण मिळालं होतं, तेही नवऱ्याच्या बाजूनं. इतकं सोयीचं भांडण पुन्हा मिळालं नसतं.

शनिवारी सकाळी मोठ्या दिरांची सात सीटांची गाडी आमच्या दारात उभी राहिली. जाऊबाई खाली उतरल्या त्या हातात एक पिशवी घेऊनच.

"आईंसाठी पोहण्याचा ड्रेस आणलाय. वेम्बलीत खास शोधला. स्कर्टवाला आहे, त्यांना संकोच वाटणार नाही."

"मी आणलाय ना," मी म्हटलं. "घोट्यापर्यंत पॅन्ट आहे. त्यांनी घालूनही बघितला."

"पॅन्ट? आई पॅन्ट घालणार?"

"घातली की."

सासूबाई ओट्याशी उभ्या राहून डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "दोन्ही घ्या," त्या म्हणाल्या, "आणि आता निघा."

गाडीत मोठे दीर चालवायला. शेजारी जाऊबाई. मधे सासूबाई आणि मुलगी. सर्वांत मागे, सामानाला टेकून, मी आणि नवरा. एम-फोर मोटरवेवर रीडिंगपर्यंत कुणी बोललं नाही. मग नवऱ्यानं आईला सांगितलं, "आई, त्याला सांग, अठरा नंबरच्या फाट्याला बाहेर पड."

सासूबाई हे पुढे सांगायच्या आत दीर म्हणाले, "आई, त्याला सांग, सॅटनॅव सतरा नंबर म्हणतंय."

"त्याला सांग, सॅटनॅव गाढव आहे. सतरा नंबरला गावागावातून जावं लागतं."

"त्याला सांग, गाडी माझी आहे."

माझी मुलगी कानातली वायर काढून म्हणाली, "आजी, हे दोघं असं काय बोलतात? काका इथेच बसली आहे ना."

"बसला आहे," सासूबाईंनी दुरुस्त केलं. "बसलाय, पण ऐकू येत नाही त्याला. मागच्यालाही येत नाही."

दीर सतरा नंबरलाच बाहेर पडले. पुढे एक घोडे न्यायची बंद गाडी ओढणारा ट्रॅक्टर लागला आणि आम्ही गोगलगाईसारखे त्याच्यामागे सरकत राहिलो. नवरा एक शब्द बोलला नाही. पण त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान मी ओळखते. त्या सकाळी त्याला मिळालेलं तेवढंच सुख.

स्नानाच्या जागी आम्हा सर्वांना पांढरे झगे आणि स्लिपर्स दिल्या. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत सासूबाई आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. एका बाजूला मी माझी पॅन्ट धरून, दुसऱ्या बाजूला जाऊबाई आपला स्कर्ट धरून. शेवटी त्यांनी माझी पॅन्ट घातली आणि त्यावर जाऊबाईंचा स्कर्टवाला ड्रेस चढवला. आरशात बघितलं. काळ्यावर जांभळं, त्यावर पांढरी फुलं.

"झालं?" त्यांनी विचारलं. "आता दोघीही बोलू नका."

आम्ही दोघीही दुखावल्या गेलो होतो, पण तक्रार करायला जागा नव्हती.

पाण्याचं मोठं कुंड सर्वांत वर, गच्चीवर होतं. उघडं आकाश, वाफ, खाली गावाची पिवळसर दगडी घरं आणि पलीकडे हिरव्या टेकड्या. सासूबाई काठाशी आल्या आणि थांबल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, पायऱ्या ओल्या होत्या. दोन्ही मुलगे पाण्यातून पुढे आले. दोघांनीही हात पुढे केला. एकाचा हात धरला की दुसऱ्याचा सोडावा लागणार. त्या तशाच उभ्या राहिल्या, कठड्याला धरून.

"आजी, माझी हात धर," माझी मुलगी म्हणाली आणि दोघांच्या मधून घुसली. "पाणी फार गरम नाही, चांगला आहे. ये."

त्या नातीच्या हाताला धरून उतरल्या. गळ्याइतक्या पाण्यात गेल्यावर त्यांनी ओंजळ भरली, कपाळाला लावली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि ओंजळ परत सोडून दिली.

"आई, लोक बघतायत," जाऊबाई कुजबुजल्या.

"बघू देत. त्यांच्या गावात देव आहे हे त्यांना ठाऊक नसेल तर कळेल." मग हुंगून म्हणाल्या, "गंधक कमी आहे. आरवलीला नाकातोंडात वास जायचा. हे आपलं सोवळं पाणी आहे."

तेवढा वेळ बरं चाललं होतं. आम्ही चार बायका एका कोपऱ्यात होतो, दोघे भाऊ समोरासमोरच्या काठांना पाठ लावून. मधे अनोळखी जोडपी तरंगत होती. मी डोळे मिटले. दोन वर्षांत माझे खांदे कानापर्यंत चढले होते, ते जरा खाली आले. मग सासूबाई सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे असते तर त्यांना आवडलं असतं."

कुणी काही बोलायला नको होतं. पण मोठे दीर बोलले. "हो ना. बाबांच्या गुडघ्यांना फार बरं वाटलं असतं."

पलीकडच्या काठावरून नवरा म्हणाला, "बाबांना कशानं बरं वाटलं असतं ते तूच ठरव. बाबांना किती वेळ आहे तेही तूच ठरवलंस."

आज पहिल्यांदा तो भावाशी थेट बोलत होता.

"इथे नको," दीर म्हणाले.

"मग कुठे? तुझ्या घरी? तुझ्या घरी मी पाय ठेवत नाही. माझ्या घरी तू आत येत नाहीस. हे पाणी कुणाचंच नाही. इथेच बोल."

"आवाज खाली कर."

"का? तुला लाज वाटते?"

दोघे एकमेकांकडे सरकत होते. पाण्यातून भांडायला चालत जाणं फार विचित्र दिसतं. माणूस कितीही रागावलेला असला तरी तो सावकाशच पोचतो. पोटं सुटलेले, अर्धे टकले, छातीवर पांढरे केस असलेले दोन भाऊ वाफेतून एकमेकांच्या अंगावर हळूहळू चालून जात होते. आणि मी, हसू येण्याऐवजी, मनात म्हणत होते, बोल, बोल, आज सोडू नकोस त्याला.

एक इंग्रज बाई मधे आली. साठीची असेल, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ती अगदी सभ्यपणे म्हणाली की माफ करा, पण लोक इथे शांततेसाठी येतात. दीर लगेच सॉरी म्हणाले. नवऱ्यानं त्या बाईकडे असं बघितलं की ती बिचारी दोन पावलं मागे गेली. मग तो पाण्याबाहेर पडला आणि झगाही न घालता, थेंब गाळत आत निघून गेला.

"झालं," जाऊबाई मला म्हणाल्या. "एक दिवस. एक दिवस आईंना सुखाचा मिळू दिला नाही."

"सुरुवात कुणी केली?"

"सुरुवात?" जाऊबाई माझ्या तोंडाजवळ येऊन म्हणाल्या. "तुला काही माहीत नाही गं. काहीसुद्धा माहीत नाही." आणि त्या पाठ फिरवून पलीकडे गेल्या. मला वाटलं, नेहमीचा तोरा.

सासूबाई मात्र आणखी बराच वेळ पाण्यातच राहिल्या, नातीचा हात धरून. त्यांनी डोळे मिटले होते. मी त्यांना विश्रांती घेणारी बाई समजत होते.

परतीच्या वाटेवर त्यांनी भाजी घ्यायचं काढलं. घरी जाऊन सर्वांना जेवायला घालायचं हे त्यांनी सकाळीच जाहीर केलेलं होतं. गावाबाहेर, शेतांच्या मधे एक फार्म शॉप लागलं. लाकडी शेड, बाहेर मातीच्या कार पार्कमध्ये चार-पाच गाड्या, एका कडेला पिकनिकची टेबलं. आत टोपल्यांतून माती लागलेले बटाटे, बीट, झुकिनी, रासबेरी. सासूबाई पहिल्यांदाच मोकळ्या झाल्या. सुपरमार्केटात त्या प्लास्टिकमधल्या भाजीकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायच्या. इथे त्यांनी हात घातले. बटाटा नखानं खरवडला. बिटाचा पाला चुरगळून हुंगला.

एका टोपलीत जाडजूड हिरव्या शेंगा होत्या. ब्रॉड बीन्स. त्यांनी एक शेंग मोडली, आतली लव बघितली, दाणा दातानं फोडला.

"अगं, ही तर पावट्याची थोरली बहीण! उसळ करते."

काउंटरमागची बाई म्हणाली, प्लीज, शेंगा उघडून बघू नका. सासूबाईंना शब्द कळले नाहीत, स्वर कळला. त्यांनी ती मोडलेली शेंग त्या बाईच्या समोर आपल्या पिशवीत टाकली आणि वर आणखी भरभरून शेंगा घेतल्या. माझ्या मनात त्यांच्याबद्दल क्वचित प्रेम दाटून यायचं, त्यातला तो एक क्षण.

तेवढ्यात पिशवी उचलण्यावरून दोघा भावांची पुन्हा जुंपली.

"दे, मी घेतो."

"राहू दे. आई माझ्याकडे राहते. तिची भाजी मी घेईन."

"आई तुझ्याकडे राहते कारण ती आधी तुझ्याकडे उतरली. उपकार नको दाखवूस."

"उपकार तू दाखवलेस. शेवटच्या वेळी एकटाच होतास ना तिथे. थोरला. कर्ता."

पिशवीचे दोन बंद दोघांच्या हातांत. मधे सासूबाई. माल घ्यायला आलेले इतर लोक मुरंब्याच्या बाटल्या वाचण्यात एकदम गढून गेले. सासूबाईंनी दोघांच्याही हातांवर चापट मारली, जशी लहान मुलांना मारतात, पण जोरात. पिशवी घेतली आणि बाहेर गेल्या. पैसे कुणी दिले ते मला आठवत नाही.

त्या बाहेरच्या एका टेबलाशी बसल्या. मांडीवर टॉवेल पसरला आणि शेंगा सोलायला घेतल्या.

"आई, घरी जाऊन सोलू," मी म्हटलं.

"गाडीत बसलं की हे दोघं परत सुरू करतील. इथेच काय ते होऊ दे. बसा सगळे."

आम्ही बसलो. मोठे दीर आतून चहाचा ट्रे घेऊन आले. सर्वांसमोर एकेक कप ठेवला. नवऱ्यासमोर ठेवलेला कप नवऱ्यानं हातानं सरकवला. चहा कलंडून फळ्यांच्या फटीतून खाली गवतावर ठिबकायला लागला. कुणी पुसला नाही.

"दादा," नवरा म्हणाला. त्याचा आवाज आता बारीक झाला होता, आणि तो मला जास्त भीतीदायक वाटला. "एकदाच विचारतो. तू डॉक्टर आहेस. समोर बसला होतास त्यांच्या. तुला दिसत नव्हतं? वेळ आहे असं तू मला का सांगितलंस?"

दीर ट्रेवरचे साखरेचे पुडे नीट लावायला लागले.

"उत्तर दे."

"माझा अंदाज चुकला," दीर म्हणाले.

"हे तू तेव्हाही म्हणालास. रोज चार म्हातारे बघणाऱ्या माणसाचा नेमका बापाच्या बाबतीत अंदाज चुकतो?"

जाऊबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "अहो, सांगा आता. नाहीतर मी सांगते."

"तू मधे पडू नकोस."

"दोन वर्षं नाही पडले. लग्नाकार्यात हे लोक आपल्याला बघून उठून जायचे, तेव्हाही नाही पडले. आता बास झालं. आई, तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांचे हात थांबले नव्हते. शेंग मोडायची, अंगठा फिरवायचा, दाणे टॉवेलात. त्या म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं त्याला."

"काय सांगितलं होतंस?" नवऱ्यानं विचारलं.

"तुला बोलवू नको म्हणून. तुझा फोन आला तेव्हा मी शेजारीच उभी होते. ह्याला म्हटलं, वेळ आहे असं सांग."

"का?"

"ह्यांनी आदल्या दिवशी विचारलं होतं मला. धाकटाही निघालाय का? निघाला असेल तर मग माझं आटोपलं म्हणायचं. असं म्हणाले आणि माझा हात घट्ट धरून ठेवला. ते घाबरले होते रे. तुम्ही त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नाही. मी बघितलं. दोघे मुलगे खाटेशी दिसले असते तर त्यांना कळलं असतं. मला ते कळू द्यायचं नव्हतं."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. माझ्या मुलीनं आजीच्या पाठीवर हात ठेवला होता. सगळं मराठी तिला कळत होतं की नाही कुणास ठाऊक, पण ती रडत होती.

नवरा ओरडला नाही. मी ओरडण्याची वाट बघत होते. तो म्हणाला, "दोन वर्षं मी ह्याला शिव्या घातल्या. दर रविवारी, फोनवर, तुझ्याशी बोलताना. तू ऐकत होतीस."

"हो."

"एकदाही बोलली नाहीस."

"नाही."

"का?"

सासूबाईंनी पहिल्यांदा हात थांबवले. "तू त्याला शिव्या घालत होतास तोवर माझ्याशी बोलत होतास. त्यांच्यामागे मी त्या घरात एकटी. तुझा फोन बंद झाला असता तर मी काय केलं असतं?"

मग नवरा भावाकडे वळला. "आणि तू? तुला काय संत व्हायचं होतं?"

"आईनं शपथ घातली होती," दीर म्हणाले. "आणि ते खोटंही नव्हतं सगळं. मलाही खरंच वाटत होतं, अजून वेळ आहे. आईनं नसतं सांगितलं तरी कदाचित तेच बोललो असतो. ते मला माहीत नाही. मी खूपदा आठवून बघितलं. मला माहीत नाही."

नवरा उठला आणि चालायला लागला. कार पार्कमधून रस्त्यावर, आणि रस्त्यानं पुढे. दोन्ही बाजूंनी उंच कुंपणाची झाडं असलेला अरुंद गावरस्ता. तिथे ना बस, ना स्टेशन. तो कुठे जाणार हे त्यालाही ठाऊक नसणार. मी उठले तर जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. "तू नको. तुझ्याशी बोलला तर पुन्हा कुणाला तरी शिव्याच घालेल."

हे खरं होतं, आणि मला ते तिच्या तोंडून ऐकवलं नाही. मी मनगट सोडवून घेतलं. पण बसले. मुलगी गेली त्याच्यामागे, स्लिपर्सवजा चपला फटफटत.

त्या टेबलाशी आम्ही चौघं उरलो. मला कसला राग येत होता ते मला नीट सांगता येत नव्हतं. सासूबाईंचा, हे तर झालंच. पण त्याहून जास्त राग आला होता तो माझं भांडण हिरावलं गेल्याचा. दोन वर्षं मी जावेकडे बघून जी मान निर्धास्तपणे फिरवत होते, ती मान आता कुठे फिरवायची? जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर विजय असता तर मला सोपं गेलं असतं. त्या नुसत्या दमलेल्या दिसत होत्या.

"तुम्ही सांगायला हवं होतं मला," मी म्हटलं.

"तू फोन उचलायला हवा होतास," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. सालं गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकली. आम्ही गाडीत बसलो आणि दीर त्या रस्त्यानं सावकाश गाडी घेऊन निघाले. बरंच पुढे, एका शेताच्या फाटकावर बापलेक बसले होते. दिरांनी गाडी थांबवली, हॉर्न वाजवला नाही. मुलीनं बापाला काहीतरी सांगितलं. तो उठला, मागच्या सीटवर येऊन माझ्या शेजारी बसला आणि मेडनहेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. कुठल्या नंबरला मोटरवेला लागायचं यावरही कुणी बोललं नाही.

घरी आल्यावर दीर दारातच म्हणाले, "आम्ही निघतो."

"जेवल्याशिवाय कुणी जाणार नाही," सासूबाई म्हणाल्या आणि ओट्याशी गेल्या. जाऊबाईंनी न विचारता नारळ खवायला घेतला. ताट कुठे आहे, विळी नाही तर किसणी कुठे आहे, हे विचारावं लागू नये म्हणून मी सगळं तिच्यासमोर आदळत होते. उसळ झाली. त्या दाण्यांची सालं जाड निघाली, जिभेवर चामट लागत होती. सर्वांनी खाल्ली. नवरा जेवायला खाली आलाच नाही. त्याच्यासाठी वाटी झाकून ठेवलेली मी दुसऱ्या दिवशी फेकून दिली.

सासूबाई सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे राहणार होत्या. तीन दिवसांनी त्या म्हणाल्या, "मला पिनरला सोडा." नवऱ्यानं वर जाऊन त्यांची बॅग भरली. साड्यांच्या घड्या त्यानं इतक्या काळजीपूर्वक घातल्या की मला आधी वाटलं, त्याचा राग ओसरला. मग लक्षात आलं, तो त्यांची एकही वस्तू मागे राहू देत नव्हता. उशाशी ठेवलेली अमृतांजनची बाटलीसुद्धा त्यानं शोधून भरली.

त्यांना न्यायला जाऊबाई एकट्याच आल्या. मी चहा केला. आम्ही स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. त्यांनी खिडकीच्या चौकटीकडे बघितलं, पण बोट फिरवलं नाही.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "आता आपण मैत्रिणी होऊ असं काही नाही हं."

"नको," मी म्हटलं.

"मी तुझ्यावर खूप चिडलेली आहे. अजून."

"मीसुद्धा."

"बरं." त्यांनी चहा संपवला. "साखर जास्त घालतेस तू."

हे आमचं गेल्या कित्येक वर्षांतलं सर्वांत प्रामाणिक बोलणं. पुढेही आमचं तसंच राहिलं. दिवाळीला एकमेकींकडे जातो, फराळात खोट काढतो, येताना डबा घेऊन येतो.

भावाभावांचं बोलणं सुरू झालं, पण कामापुरतं. आईची औषधं, आईचं तिकीट, चिपळूणच्या घराच्या छपराची गळती. "त्याला सांग" बंद झालं इतकंच. सासूबाई सप्टेंबरात परत गेल्या, विमानतळावर दोघे मुलगे होते. नवऱ्यानं वाकून नमस्कार केला. त्या त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेल्या तोवर तो सरळ झाला होता. हात त्याच्या खांद्याला लागला. त्या गेल्यावर रविवारचा फोन त्यानं चालू ठेवला, पण पाच मिनिटांत हवापाणी विचारून माझ्या हातात द्यायचा. त्या मला विचारायच्या, "जेवतो ना नीट?" मी सांगायचे, जेवतो.

डिसेंबरात त्यानं अचानक रजा काढली आणि एकटाच चिपळूणला गेला. मला चल म्हणाला नाही. पंधरा दिवसांनी परत आला तेव्हा वाळला होता, काळवंडला होता. बॅगेत कुळथाचं पीठ, आमसुलं, सासूबाईंनी शिवलेली गोधडी. मी सामान काढत होते आणि तो पलंगावर बूट न काढता पडला होता.

"बोललात का?" मी विचारलं.

"ती बोलली. बाबांचे शेवटचे दिवस, सगळे, एकेक करून. काय खाल्लं, काय म्हणाले. रोज दुपारी बसवून सांगायची. मी ऐकलं."

"मग? माफ केलंस?"

त्यानं उठून एक बूट काढला. "नाही," तो म्हणाला. "नाही जमत. पण तिचं अजून सांगून झालेलं नाही. पुढच्या डिसेंबरची रजा आत्ताच टाकून ठेवतो."